एच-४ वर कम्युनिटी कॉलेजात रेडिओग्राफी: अर्जापासून परवान्यापर्यंत

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही तिथे नाव घालता येतं. अर्ज फुकट, प्रवेश परीक्षा नाही, बारावीचे टक्के कोणी विचारत नाही. एवढं ऐकून सगळं सोपं वाटतं आणि तिथेच गडबड होते. कॉलेजात नाव घालणं वेगळं आणि त्याच कॉलेजातल्या रेडिओग्राफी, डेंटल हायजीन, रेस्पिरेटरी थेरपी किंवा सोनोग्राफीच्या प्रोग्रॅमला जागा मिळणं वेगळं. पहिलं काम एका बैठकीत उरकतं. दुसऱ्याला मला दोन वर्षांच्या आसपास लागली आणि त्यात अभ्यासापेक्षा कागदपत्रांच्या तारखा सांभाळणं जास्त जिकिरीचं होतं.

खालची हकिगत रेडिओग्राफीची, म्हणजे एक्स-रे टेक्नॉलॉजिस्ट होण्याच्या अभ्यासक्रमाची आहे. ऑगस्ट २०२१ ला पूर्वतयारीचे विषय सुरू केले, ऑगस्ट २०२३ ला प्रोग्रॅम सुरू झाला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात संपला. भारतातली बी.एस्सी. हाताशी आणि व्हिसा एच-४, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा. फी आणि परवान्याचे नियम इथे दिलेत ते कॅलिफोर्नियाचे. न्यू जर्सी-टेक्सासच्या मंडळींनी तेवढा भाग आपल्या राज्याचा बघावा. बाकीचं बरंचसं देशभर सारखंच आहे.

एच-४ वर शिकायला एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागत नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'इंटरनॅशनल स्टुडंट'चा ठळक दुवा असतो, तो एफ-१ वाल्यांसाठी. तिथून गेलात तर आय-२०, बँकेतली शिल्लक, टोफेल असं सगळं मागतात. आपण नेहमीच्या स्थानिक विद्यार्थ्यांचा ऑनलाइन अर्ज भरायचा, व्हिसाच्या रकान्यात एच-४ लिहायचं आणि मागितल्यावर पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ ची (अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची) प्रत द्यायची.

खरा प्रश्न रहिवासाचा. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे (विषय किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. बाहेरच्याला त्यावर आणखी तीनशे-चारशे. म्हणजे चार युनिटांचा अ‍ॅनाटॉमीचा एकच विषय एकाला १८४ डॉलरना पडतो आणि दुसऱ्याला चौदाशे ते अठराशेला. एच-४ वर कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरता येतं (एफ-१ किंवा पर्यटकांच्या बी-२ वर येत नाही), पण सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा, आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचा पुरावा लागतो. तो पुरावा तुमच्या नावाचा हवा. आपल्याकडे घरभाड्याचा करार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, आणि बायकोच्या नावावर फक्त फोन, तोही फॅमिली प्लॅनमधला. इथे आल्या आल्या करारात दुसरं नाव घालून घ्या, डीएमव्हीचं (वाहन परवाना खात्याचं) लायसन्स किंवा ओळखपत्र काढा, संयुक्त बँक खातं उघडा. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे कर भरण्यापुरता क्रमांक, काढून राज्याचा रहिवासी कर-फॉर्म, ५४० क्रमांकाचा, दोघांच्या नावाने भरा. कॉलेजच्या खिडकीवर हा फॉर्म आणि लायसन्स दाखवलं की पुढचे प्रश्न बरेच कमी होतात. तारीख एका आठवड्याने हुकली तरी ते सत्र बाहेरच्याच दराने भरावं लागतं, म्हणून आधी तारीख मोजा आणि मग विषय घ्या.

दुसरं लांबणारं काम म्हणजे भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन. कॉलेजं स्वतः परदेशी पदवी तपासत नाहीत. एनएसीईएस ह्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून, उदाहरणार्थ डब्ल्यूईएसकडून, अहवाल मागवतात. 'डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट' अहवाल स्वस्त असतो आणि ह्या कामाला निरुपयोगी असतो. प्रोग्रॅमला विषयवार अहवाल लागतो, त्याला दोनशे डॉलरच्या पुढे धरा. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट त्या संस्थेकडे जावी लागते, तुमच्या हातची प्रत चालत नाही. त्यासाठी भारतातल्या कोणाला तरी पाठपुरावा करावा लागतो, आणि परीक्षांच्या किंवा निकालांच्या दिवसांत विद्यापीठातली कामं रेंगाळतात हे गृहीत धरा.

नावाचा घोळ इथेच सुरू होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, काही ठिकाणी शेवटी आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. इथे कागद तपासणाऱ्या बाईला ह्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात, आणि तिचं चूक नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत सुरुवातीपासून प्रत्येक ठिकाणी जोडा आणि एकदा पासपोर्टप्रमाणे लिहिलेलं नाव शेवटच्या परीक्षेपर्यंत अक्षरानेही बदलू नका.

भारतातल्या पदवीचा उपयोग किती? सामान्य शिक्षणाचे काही विषय सुटतात, पण ते कॉलेजच्या मर्जीवर. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मात्र बहुतेकांना पुन्हा करावे लागतात, कारण बऱ्याच कॉलेजांची अट असते की हे विषय गेल्या पाच किंवा सात वर्षांत, प्रयोगशाळेसकट झालेले असावेत. ओळखीतल्या बीएचएमएस आणि बीडीएस झालेल्या मैत्रिणींनाही यातून सुटका मिळाली नाही. काही ठिकाणी घरबसल्या केलेली ऑनलाइन प्रयोगशाळा चालत नाही, तेव्हा स्वस्तातला ऑनलाइन कोर्स घेण्याआधी प्रोग्रॅमच्या कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. पुढे कोणी हरकत घेतली तर तोच ईमेल कामाला येतो.

साधारण पूर्वतयारीत अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मेडिकल टर्मिनॉलॉजी, इंग्रजी लेखन, बीजगणित आणि कुठे कुठे प्राथमिक भौतिकशास्त्र येतं. नवीन विद्यार्थ्याची नोंदणीची पाळी सगळ्यात शेवटी लागते आणि अ‍ॅनाटॉमीचे वर्ग तोवर भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव लावा आणि पहिल्या तासाला प्रत्यक्ष जाऊन बसा. पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं शिक्षक काढतात आणि हजर असलेल्यांना अ‍ॅड कोड (नोंदणीचा क्रमांक) देतात. ऑगस्ट २०२१ ला अ‍ॅनाटॉमीची जागा मला अशीच मिळाली.

अ‍ॅनाटॉमीचं प्रॅक्टिकल आपल्या सवयीचं नाही. टेबलांवर हाडं, मॉडेल्स, स्लाइड्स मांडलेल्या असतात, प्रत्येकावर एक टाचणी किंवा चिकटपट्टी. एका टेबलापाशी मिनिटभर, घंटा झाली की पुढे. मागे यायचं नाही. नुसतं 'फीमर' लिहून भागत नाही. उजवं की डावं, आणि टाचणी लागलेला उंचवटा ग्रेटर ट्रोकँटर की लेसर, तेही लिहायचं. स्पेलिंग चुकलं की गुण जातो. पुस्तकातलं चित्र नेहमी एकाच बाजूने काढलेलं असतं. टेबलावरचं हाड उलटं ठेवलेलं असतं. म्हणून मोकळ्या वेळेत लॅब उघडी असेल तेव्हा हाड हातात घेऊन, डोळे मिटून, चाचपून ओळखायची सवय करा. ही सवय पुढे रुग्णाचा खुबा शोधताना अक्षरशः हातात येते.

विषय झेपत नसेल तर मुदतीच्या आत सोडून द्या. वाईट ग्रेड कायमची राहते. कॅलिफोर्नियात एकच विषय साधारण तीनदाच घेता येतो आणि मुदत उलटल्यावर विषय सोडला की मिळणारा 'डब्ल्यू' शेराही त्यात मोजला जातो. अनेक प्रोग्रॅम पुन्हा घेतलेल्या विषयांचे गुण कापतात.

प्रोग्रॅमचे अर्ज वर्षातून एकदाच निघतात, आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये. बे एरियात फूटहिल, कॅन्याडा, मेरिट आणि सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को इथे रेडिओग्राफी आहे. निवडीची पद्धत प्रत्येकाची निराळी: कुठे ग्रेडवर गुणांकन, कुठे अट पूर्ण करणाऱ्यांची सोडत, कुठे टीईएएस ह्या आरोग्य अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेचे गुण. एकाच वर्षी दोन-तीन ठिकाणी अर्ज करता यावा म्हणून सगळ्यांच्या अटींची यादी शेजारी शेजारी मांडून मगच विषय निवडा, नाहीतर एका कॉलेजासाठी केलेलं फिजिक्स दुसऱ्याला नकोच असतं.

कॉलेज निवडताना दोन गोष्टी बघा. एक, प्रोग्रॅमला जेआरसीईआरटीची, म्हणजे रेडिओग्राफीचे प्रोग्रॅम तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का. दोन, 'प्रोग्रॅम इफेक्टिव्हनेस डेटा'. मान्यताप्राप्त प्रोग्रॅमला तीन आकडे जाहीर करावेच लागतात: पहिल्या प्रयत्नात राष्ट्रीय परीक्षा पास होणारे किती, नोकरी शोधणाऱ्यांपैकी नोकरी लागलेले किती, आणि घेतलेल्यांपैकी पूर्ण करणारे किती. तिसऱ्या आकड्याकडे लोक बघत नाहीत. अर्धी तुकडी गळून उरलेले सगळे पास झाले तर पहिला आकडा छान दिसणारच.

जागा कमी का, तर वर्गात बाकं कमी असतात म्हणून नव्हे. क्लिनिकलमध्ये, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष शिक्षणात, एका विद्यार्थ्यामागे एक टेक्नॉलॉजिस्ट असावा असा मान्यतेचा नियम आहे. रुग्णालय जितके विद्यार्थी घेऊ शकेल तितक्याच जागा. त्यामुळे दोन-अडीचशे अर्ज आले तरी तुकडी वीस-पंचवीसचीच राहते.

अर्ज मार्च २०२३ मध्ये गेला, उत्तर मेमध्ये आलं. मधल्या काळात ईमेल तपासण्याचं व्यसन लागतं. त्यापेक्षा लसींच्या मागे लागा. होकार आल्यानंतर आरोग्याची पूर्तता करायला आठवडेच मिळतात आणि त्यातली एक गोष्ट आठवड्यांत होत नाही, ती म्हणजे हिपॅटायटिस बी. तीन डोस, शून्य, एक आणि सहाव्या महिन्याला, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची रक्तचाचणी. म्हणजे सात-आठ महिने. हेप्लिसाव्ह-बी ही लस महिन्याच्या अंतराने दोनच डोसांची असते, उशीर झाला असेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. लहानपणीचं लसींचं कार्ड सापडलं नाही म्हणून घाबरू नका: गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांची टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची, चाचणी चालते. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर बहुधा पॉझिटिव्हच येते. शिवाय टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस) आणि त्या हंगामातली फ्लूची लस.

टीबीच्या चाचणीत आपल्या लोकांची हमखास अडचण होते. दंडावर बीसीजीचा व्रण असलेल्यांची त्वचेवरची चाचणी फुगून येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र, कधी सहा महिने औषध घ्यायचा सल्ला, असं लचांड मागे लागतं. त्याऐवजी सुरुवातीलाच क्वांटिफेरॉन किंवा तत्सम रक्तचाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणखी एक बारकावा: गोवर किंवा कांजिण्यांची जिवंत लस घेतली तर टीबीची चाचणी त्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा, मधल्या काळात निकाल चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो.

त्याच सुमारास पार्श्वभूमीची तपासणी आणि लघवीची ड्रग टेस्ट असते, दोन्हींचा मिळून शंभर-दीडशे डॉलर खर्च. चाचणीच्या आधी घटाघट पाणी पिऊ नका; नमुना फार पातळ निघाला की पुन्हा बोलावतात, तेही तुमच्या खर्चाने. कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर असला तरी रुग्णालयांना तो चालत नाही. आणि खसखस! वाटणातली, अनारशावरची, खिरीतली. खसखशीत मॉर्फीनचे अंश असू शकतात आणि ते चाचणीत दिसू शकतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांनाही खसखस टाळायला सांगितलं होतं. आठवडाभर नारळाच्या वाटणावर भागवा. सीपीआरसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनचं 'बीएलएस प्रोव्हायडर' कार्ड लागतं, तेही प्रत्यक्ष पुतळ्यावर हात चालवून मिळवलेलं. पूर्ण ऑनलाइन कार्ड परत पाठवतात.

ऑगस्ट २०२३. पहिलं सत्र पोझिशनिंग, किरणोत्सर्गाचं भौतिकशास्त्र आणि रुग्णसेवेचं. माझ्या तुकडीत एकोणीस वर्षांच्या पोरांपासून अँब्युलन्सवर दहा वर्षं काढलेल्यांपर्यंत सगळे होते. वयाची लाज वाटायचं कारण पहिल्या आठवड्यातच संपतं. लॅबमध्ये विद्यार्थी एकमेकांना 'पोझ' करतात, पण किरण कधीच सोडत नाहीत. एक्सपोजर फक्त फँटमवर, म्हणजे आत हाडं असलेल्या प्लास्टिकच्या पुतळ्यावर.

छातीचा साधा पीए एक्स-रे (किरण पाठीकडून छातीकडे) घ्या. शिकायला सगळ्यात आधी, आणि नोकरीत सगळ्यात जास्त वेळा. डिटेक्टर (चित्र टिपणारी पाटी) आणि ट्यूब (किरण सोडणारी) यांच्यातलं अंतर ७२ इंच, इतर बहुतेक तपासण्यांना ४० असतं. कारण हृदय छातीच्या पुढच्या बाजूला. रुग्णाची छाती डिटेक्टरला टेकवून ट्यूब लांब नेली की हृदय फुगून दिसत नाही. केव्हीपी (किरणांचा जोर ठरवणारं व्होल्टेज) ११० ते १२५ च्या दरम्यान, ग्रिडसह (विखुरलेले किरण अडवणारी जाळी). हनुवटी वर. हातांचे तळवे उलटे करून कमरेवर आणि खांदे पुढे लोटलेले, म्हणजे खवाटे फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. मग पहिला श्वास, तो सोडायला सांगायचा, आणि दुसऱ्या खोल श्वासावर एक्सपोजर. दुसऱ्यांदा फुफ्फुसांखालचा श्वासाचा पडदा जास्त खाली जातो. चित्रात पडद्याच्या वर मागच्या दहा बरगड्या मोजता आल्या, मानेखालचे दोन्ही हसळीचे सांधे मणक्यापासून सारख्या अंतरावर आले, की छायाचित्र जमलं. सात-आठच बरगड्या दिसल्या तर श्वास अपुरा, आणि रेडिओलॉजिस्टला नसलेला न्यूमोनिया दिसू शकतो.

चुका इथे ठरलेल्या असतात. वेणी किंवा ओला अंबाडा पाठीवर राहिला तर फुफ्फुसाच्या टोकावर पांढुरकी सावली येते. ब्राचा हुक, गाऊनचं बटण, छातीवर चिकटवलेलं ईसीजीचं इलेक्ट्रोड. मंगळसूत्र काढायला आपल्या बायका कचरतात. मराठी किंवा हिंदीत दोन वाक्यं बोललं की काढून हातात धरतात, ह्याबाबतीत आपली भाषा खरंच कामाची आहे. आणि 'श्वास रोखा' सांगून झाल्यावर 'आता सोडा' सांगायचं विद्यार्थी विसरतात. रुग्ण लाल होईपर्यंत इमानदारीत उभा राहतो.

शिशाचे 'आर' आणि 'एल' मार्कर स्वतःची आद्याक्षरं घालून आधीच मागवा. दोन जोड्या मागवा, एक हरवतेच. चित्र निघाल्यावर संगणकावर अक्षर चिकटवता येतं, पण ते एक्सपोजरच्या वेळचा पुरावा होत नाही, म्हणून परीक्षक ते धरत नाहीत.

क्लिनिकल दुसऱ्या सत्रापासून वाढत जातं. आमच्या अभ्यासक्रमात ते अठराशे तासांच्या वर होतं. बिनपगारी. वर्ग आणि क्लिनिकल मिळून आठवड्याला ४० तासांपेक्षा आणि दिवसाला १० तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही हा मान्यतेचा नियम आहे. कोणी आग्रहाने थांबवून घेत असेल तर क्लिनिकल समन्वयकाला कळवा. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून. सकाळची पाळी साडेसहा-सातला लागते आणि रुग्णालय कॉलेजपासून तासाभरावरही मिळू शकतं. लहान मुलं असतील तर पाळणाघर उघडण्याची वेळ आधी विचारा. बहुतेक सातला उघडतात आणि तिथेच सगळं गणित कोलमडतं. माझ्याबरोबरच्या दोघींनी शेजारणीला सकाळच्या दीड तासाचे पैसे देऊन ते सोडवलं.

शिकण्याची चढण ठरलेली आहे: आधी बघायचं, मग मदत करायची, मग टेक्नॉलॉजिस्ट शेजारी उभा असताना स्वतः करायचं, आणि मग 'कॉम्प' म्हणजे कॉम्पिटन्सी द्यायची. एखादी तपासणी कॉम्प होईपर्यंत टेक्नॉलॉजिस्ट खोलीत हवाच. झाल्यानंतर तो जवळपास असला तरी चालतं. पण चित्र बिघडून पुन्हा घ्यायचं असेल तर कॉम्प झालेलं असो वा नसो, तो शेजारी असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. हा नियम मोडल्याने प्रोग्रॅममधून काढतात. टेक्नॉलॉजिस्ट घाईत 'घे गं पटकन' म्हणाला तरी नाही म्हणा.

राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या एआरआरटी ह्या संस्थेच्या सध्याच्या नियमांनुसार रुग्णसेवेच्या १० कौशल्यांबरोबर ३६ अनिवार्य तपासण्या आणि ३४ च्या यादीतून १५ ऐच्छिक कॉम्प कराव्या लागतात. छाती, हात, गुडघा, पाऊल पहिल्या काही महिन्यांत उरकतात. अडतं ते दुर्मिळ गोष्टींवर. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाची छाती, अपघातात दुखावलेला खांदा, मणक्याचा आडव्या किरणाने घेतलेला लॅटरल, शस्त्रक्रियागृहातला सी-आर्म (इंग्रजी 'सी'च्या आकाराचं फिरतं एक्स-रे यंत्र). ऐच्छिकमध्ये डोक्याची निदान एक आणि फ्लुरोस्कोपीच्या (पडद्यावर हलतं दिसणाऱ्या एक्स-रेच्या) दोन हव्यातच, आणि बेरियमच्या तपासण्या सीटी-एंडोस्कोपीमुळे इतक्या कमी झाल्यात की अख्ख्या महिन्यात एखादीच येते. म्हणून पहिल्या वर्षापासून रोज सकाळी दिवसाची यादी बघून, आज फ्लुरो आहे का, आज मुलांची ओपीडी आहे का, हे विचारा. शेवटच्या सत्रात दोन कॉम्पसाठी सुट्टीच्या दिवसांत रुग्णालयात बसून राहिलेली मंडळी मी पाहिली आहेत.

शस्त्रक्रियागृहाची भीती सगळ्यांना असते. निर्जंतुक निळ्या कापडाला अंग लागू द्यायचं नाही, सी-आर्म आत घालताना वरच्या डोक्यावर निर्जंतुक आवरण चढवलंय ना हे बघायचं, आणि शक्य तिथे ट्यूब टेबलाखाली, डिटेक्टर वर ठेवायचा. उलटं ठेवलं तर रुग्णावरून विखुरलेले किरण सर्जनच्या आणि तुमच्या चेहऱ्याकडे जातात. सर्जन 'थोडं वर' म्हणाला की त्याचं 'वर' म्हणजे डोक्याकडे की छताकडे, हे शांतपणे विचारून घ्या. ओरडला तरी विचारा.

किरणांबद्दल घरचे विचारतातच. डोसिमीटरचा बॅज कॉलरपाशी, शिशाच्या एप्रनच्या बाहेर लावायचा. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा एक्स-रेच्या खोलीतल्या खुंटीवर विसरायचा नाही, नाहीतर अहवालात भलताच आकडा येतो. काम करणाऱ्यांची मर्यादा वर्षाला ५० मिलिसीव्हर्ट आहे, विद्यार्थ्यांचे आकडे तिच्या जवळपासही जात नाहीत. पोर्टेबल एक्स-रे घेताना सहा फूट मागे उभं राहायचं. गरोदर राहिल्यास ते लेखी जाहीर करायचं की नाही हे पूर्णपणे तुमच्या हातात. जाहीर केलंत तर बाळासाठी पूर्ण गरोदरपणात ५ मिलिसीव्हर्टची वेगळी मर्यादा लागते, पोटापाशी दुसरा बॅज मिळतो, आणि जाहीर केलेलं मागेही घेता येतं. प्रोग्रॅम तुम्हाला शिक्षण सोडायला लावू शकत नाही. जाता जाता, ओटीपोटावर शिशाचं कव्हर ठेवण्याची जुनी पद्धत इथे मागे पडते आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ती नेहमीसाठी वापरू नये असं सांगितलं, कारण कव्हर सरकून हवा तो भाग झाकतं किंवा यंत्राचा ऑटोमॅटिक एक्सपोजर त्याच्यामुळे वाढतो. आपल्या काकू-मावशा 'कव्हर का नाही दिलं' म्हणून रागावतात, तेव्हा हे समजावता आलं पाहिजे.

खर्चाचा हिशोब. पूर्वतयारी धरून नव्वदएक युनिट, ४६ च्या दराने साधारण ४१०० डॉलर. पुस्तकं, गणवेश, बूट, मार्कर, बॅज, कॉम्प नोंदवायच्या ऑनलाइन खात्याची फी, लसी आणि तपासण्या मिळून दीड-दोन हजार. पेट्रोल आणि पाळणाघर ह्यापेक्षा जास्त खातं. केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही. खासगी शाळांत हेच शिक्षण कित्येक पट महाग असतं, रांग मात्र कमी.

शिकायला आणि बिनपगारी क्लिनिकलला ईएडी, म्हणजे नोकरी करण्याची सरकारी परवानगी, लागत नाही. रुग्णालयं दुसऱ्या वर्षात विद्यार्थ्यांना पगारी मदतनीस म्हणून घेतात, त्याला मात्र लागतं. नंतर नोकरीलाही. एच-४ चं ईएडी २०१५ पासून मिळतं, पण जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल (किंवा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला असेल) तरच. मंजूर नसेल तर परवाना हातात येऊनही काम करता येणार नाही, हे प्रोग्रॅम सुरू करण्याआधी घरात बोलून घ्या. २०२२-२३ च्या नोकरकपातीत दुसरी टांगती तलवार होती: जोडीदाराची नोकरी गेली की साधारण ६० दिवस मिळतात, आणि त्याचा दर्जा गेला की तुमचाही. अशा वेळी एफ-१ ला बदलून शिक्षण पुरं करता येतं, पण दर बाहेरच्याचा लागू शकतो. तेवढी रक्कम बाजूला ठेवता आली तर झोप बरी लागते.

एआरआरटीचा अर्ज पदवीच्या तीन महिने आधीपासून करता येतो, फी सव्वादोनशे डॉलरच्या आसपास. २०१५ पासून परीक्षेला बसायला किमान असोसिएट डिग्री लागते, तेव्हा कॉलेजकडे पदवीचा वेगळा अर्ज भरायला विसरू नका. विषय संपले म्हणजे पदवी आपोआप येत नाही. परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात संगणकावर होते. गुण धरले जाणारे २०० प्रश्न आणि वर काही चाचणीपुरते, ते कोणते ते कळत नाही. चार भाग: रुग्णसेवा, सुरक्षितता, प्रतिमा निर्मिती, प्रत्यक्ष तपासण्या. पासाला ७५ चा स्केल केलेला गुण लागतो, तो ७५ टक्के नव्हे. नापास झाल्यास तीन वर्षांत एकूण तीन संधी.

माझ्या मते वेळ सुरक्षितता आणि प्रतिमा निर्मितीवर घालवावा. पोझिशनिंग दोन वर्षं हाताने केलेलं असतं. पण अंतर दुप्पट केलं की तीव्रता एक चतुर्थांश होते, केव्हीपी १५ टक्क्यांनी वाढवला की डिटेक्टरवर एमएएस (किरणांचं प्रमाण) दुप्पट केल्याइतका परिणाम होतो, ही गणितं क्लिनिकलमध्ये यंत्र परस्पर करून टाकतं आणि आपण विसरतो. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, घड्याळ आणि स्वेटरचे खिसे मात्र तपासतात. शेवटचं बटण दाबल्यावर तात्पुरता गुण तिथेच दिसतो. ऑगस्ट २०२५ मधली ती दोन-तीन सेकंदं मला सगळ्या प्रोग्रॅमपेक्षा लांब वाटली.

पास झालं की कॅलिफोर्नियात लगेच कामाला लागता येत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रेडिओलॉजिक हेल्थ ब्रँचकडून सीआरटी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शिवाय फ्लुरोस्कोपीचा वेगळा परवाना, त्याची वेगळी परीक्षा, तीही एआरआरटीमार्फतच होते. तो नसेल तर सी-आर्मला हात लावता येत नाही आणि बहुतेक रुग्णालयं अर्जच बाजूला ठेवतात. मुख्य परीक्षेची सुरक्षिततेची तयारी ताजी असतानाच पुढच्या काही आठवड्यांत ही उरकून टाका.

पहिली नोकरी बहुधा 'पर डीएम' असते, म्हणजे बोलावतील तेव्हा, संध्याकाळ-रात्र आणि शनिवार-रविवार. जिथे क्लिनिकल केलं तिथल्याच पर्यवेक्षकांना पदवीच्या दोन महिने आधी विचारायला लागा. मुलाखतीत ते तुमच्या ग्रेड विचारत नाहीत, तुम्ही उशिरा यायचात का एवढं त्यांना आठवत असतं. एआरआरटीचं नूतनीकरण दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात येतं आणि दर दोन वर्षांनी २४ सीई (पुढचं शिक्षण चालू ठेवल्याची) क्रेडिट दाखवावी लागतात. सीटी किंवा एमआरआय शिकवायला तयार असलेला विभाग मिळाला तर तासाला दोन डॉलर कमी असले तरी तिथे जा.